डोळे झाकलेला मासा थव्यात पोहतो कसा?

१९७६ साली पिचर, पार्ट्रिज आणि वॉर्डल या तिघा संशोधकांनी एक साधा पण नेमका प्रयोग केला. कॉडच्या कुळातला सेथ नावाचा मासा थव्याने पोहतो. अशा काही माशांच्या डोळ्यांवर त्यांनी अपारदर्शक झाकणं बसवली आणि एकेकाला गोल टाकीत फिरणाऱ्या २५ डोळस माशांच्या थव्यात सोडलं. काहीही दिसत नसताना मासा थव्यात सामील झाला आणि शेजाऱ्यांपासून ठरावीक अंतर राखून त्यांच्याबरोबर पोहू लागला. मग डोळे झाकलेल्या आणखी काही माशांच्या अंगावरच्या एका बारीक रेषेची नस कल्ल्यांच्या झाकणापाशी कापली. त्या माशांना मात्र थव्याबरोबर राहता आलं नाही.

ती रेषा म्हणजे पार्श्वरेषा. बहुतेक माशांच्या दोन्ही कुशींवर, कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत, खवल्यांमधल्या छिद्रांची एक ओळ दिसते; नुसत्या डोळ्यांनीही दिसते. डोक्यावर तिच्या फांद्या डोळ्यांभोवती आणि जबड्यावर पसरलेल्या असतात. भोवतालचं पाणी कुठे, किती आणि कोणत्या दिशेने हललं, हे माशाला या रेषेमुळे कळतं.

अशा गोष्टी सांगताना ‘सहावं इंद्रिय’, ‘गूढ शक्ती’ असे शब्द सर्रास वापरले जातात. मला ते शब्द खटकतात, कारण ते वापरले की पुढचा प्रश्न विचारायचाच राहून जातो. खरं तर दोनच प्रश्न विचारले तरी बरंच उलगडतं. प्राण्याभोवतीच्या माध्यमातून त्याच्यापर्यंत काय काय पोहोचतं? आणि ते टिपायला त्याच्या शरीरात कोणती पेशी आहे? माशांच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला आजही थक्क करतं. पाण्याची हालचाल, आवाज आणि स्वतःचा तोल या तिन्हींसाठी माशाकडे एकाच प्रकारची पेशी आहे, आणि तीच पेशी आपल्याही कानात आहे.

आधी माध्यमाचं पाहू. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट आहे. त्यामुळे पाण्यात कुणीही हललं की आजूबाजूचं पाणी ढकललं जातं आणि तो धक्का शेजाऱ्यापर्यंत पोहोचतो. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, पाण्यात सुमारे १५०० मीटर. प्रकाशाचे मात्र पाण्यात हाल होतात. तांबडा रंग वरच्या काही मीटरांतच शोषला जातो आणि हजार मीटरच्या खाली सूर्यप्रकाश पोहोचतच नाही. गढूळ पाण्यात तर हातभर अंतरावरचंही दिसत नाही. याउलट क्षार विरघळलेल्या पाण्यातून वीज वाहते. हवेतून ती सहसा वाहत नाही. पाण्यातल्या प्राण्यांची इंद्रियं आपल्याला अनोळखी वाटतात, त्याचं कारण बरंचसं इथे आहे.

आता ती पेशी. तिला केशपेशी म्हणतात, पण तिच्यावरचे ‘केस’ आपल्या डोक्यावरच्या केसांसारखे नसतात. पेशीच्या माथ्यावर सूक्ष्म तंतूंचा एक झुपका असतो. हे तंतू उंचीच्या क्रमाने उभे असतात आणि सगळ्यांत उंच तंतू एका कडेला असतो. झुपका उंच तंतूच्या बाजूला झुकला की तंतूंच्या टोकांवरची अतिसूक्ष्म दारं उघडतात, विद्युतभारित कण आत शिरतात आणि पेशी मज्जातंतूला जास्त संदेश पाठवते. उलट बाजूला झुकला की संदेश कमी होतात. काहीच घडत नसतानाही थोडे संदेश चालूच असतात, म्हणून वाढ आणि घट या दोन्हींना अर्थ येतो. झुपक्याचं टोक काही नॅनोमीटर हललं तरी या पेशीला पुरतं.

पार्श्वरेषेत अशा केशपेशींचे छोटे पुंजके असतात. त्यांना न्यूरोमास्ट म्हणतात. प्रत्येक पुंजक्यावर पारदर्शक, लिबलिबीत पदार्थाची एक टोपी असते. पाणी सरकलं की टोपी कलते आणि टोपीबरोबर आतले तंतू कलतात. एका पुंजक्यातल्या निम्म्या पेशींची तोंडं एका दिशेला आणि निम्म्यांची बरोबर विरुद्ध दिशेला असतात. त्यामुळे पाणी हललं एवढंच नाही, तर कुठून कुठे हललं हेही कळतं.

हे पुंजके दोन ठिकाणी असतात. काही थेट कातडीवर, उघड्या पाण्यात. त्यांना प्रवाहाचा वेग कळतो आणि त्यांच्या मदतीने मासा प्रवाहाकडे तोंड करून स्थिर राहतो. बाकीचे कातडीखालच्या बारीक नळीत असतात आणि ही नळी छिद्रांनी बाहेर उघडते. संथपणे वाहणाऱ्या पाण्याचा दाब शेजारच्या दोन छिद्रांवर जवळपास सारखाच असतो, त्यामुळे नळीतलं पाणी हलत नाही. एखादं कोळंबीचं पिल्लू फडफडलं की त्या दोन छिद्रांवरच्या दाबात फरक पडतो आणि नळीतलं पाणी सरकतं. म्हणजे नदीचा कायमचा प्रवाह बाजूला काढून त्यातली बारीक हालचाल तेवढी वेचण्याचं काम निव्वळ नळीच्या रचनेने होतं; मेंदूला त्यासाठी काही करावं लागत नाही. मला हा भाग फार देखणा वाटतो.

या इंद्रियाचा पल्ला मात्र छोटा आहे, साधारण माशाच्या एक-दोन लांबींएवढा. दूरचं काही त्याला कळत नाही. पण तेवढ्या पल्ल्यात काय काय साधतं हे मेक्सिकोतल्या गुहांमधला आंधळा मासा दाखवतो. त्याच्या गर्भात डोळे तयार व्हायला सुरुवात होते आणि मग ते झिजून जातात. वाढलेल्या माशाला डोळेच नसतात. तरीही तो दगडांवर आदळत नाही. पोहताना त्याच्या अंगाभोवती पाण्याचा एक प्रवाह तयार होतो. पुढे भिंत आली की तो प्रवाह दबतो, बदलतो, आणि हा बदल पार्श्वरेषा टिपते. अनोळखी वस्तूपाशी आला की हा मासा वेग वाढवतो आणि शेपटी न हलवता तिच्या जवळून सरकत जातो. वेग वाढवला की बदल जास्त ठळक होतो आणि शेपटी थांबवली की स्वतःचा गोंगाट थांबतो.

हा स्वतःचा गोंगाट, माझ्या मते, या सगळ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित मुद्दा आहे. कोणतंही इंद्रिय जितकं तल्लख, तितकं ते मालकाच्याच हालचालींनी भरून जाण्याचा धोका जास्त. माशाची पार्श्वरेषा शेजाऱ्याच्या परांची हालचाल टिपू शकते, तर स्वतःच्या शेपटीचा फटका तिला किती मोठा जाणवत असेल! यावर तोडगा असा, की मेंदू स्नायूंना पोहण्याचा हुकूम देतो तेव्हाच केशपेशींकडेही एक संदेश जातो आणि त्यांची संवेदनशीलता तेवढ्यापुरती कमी केली जाते. जगाची जाणीव होण्यासाठी आधी त्यातून स्वतःला वजा करावं लागतं. पुढे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक प्राण्यात ही वजाबाकी वेगवेगळ्या रूपात दिसेल.

आवाजाकडे वळू. माशांना ऐकू येत नाही असा समज बराच काळ होता. कार्ल फॉन फ्रिश यांनी १९२३ साली तो मोडून काढला. डोळे नसलेल्या एका कॅटफिशला ते खाऊ देण्याआधी शिट्टी वाजवत. काही दिवसांत तो मासा नुसत्या शिट्टीने लपायच्या जागेतून बाहेर येऊ लागला. हेच फॉन फ्रिश पुढे मधमाश्यांच्या नृत्याची भाषा उलगडणारे म्हणून प्रसिद्ध झाले आणि १९७३ च्या नोबेल पुरस्काराचे मानकरी ठरले.

माशाला बाहेरचा कान नसतो, कानाचा पडदाही नसतो. कारण त्याचं शरीर जवळपास पाण्याइतकंच दाट आहे. आवाज त्याच्या अंगातून सरळ आरपार जातो आणि सगळं शरीर पाण्याबरोबर थरथरतं. मग आवाज पकडायचा कशाने? शरीराबरोबर न थरथरणाऱ्या एखाद्या वस्तूने. माशाच्या आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे छोटे खडे असतात, पाण्याच्या जवळजवळ तिप्पट दाट. शरीर हलतं तेव्हा हे जड खडे किंचित मागे राहतात आणि त्यांच्याखालच्या केशपेशींचे तंतू झुकतात. पेशी तीच, फक्त लिबलिबीत टोपीच्या जागी खडा. मासा तिरका झाला तर याच खड्यांचं वजन एका बाजूला पडतं, म्हणून तोलही इथेच सांभाळला जातो. या खड्यांवर थरावर थर चढत जातात. ते मोजून अभ्यासक माशाचं वय काढतात.

फक्त खड्यांवर भागवणाऱ्या बऱ्याच माशांना सेकंदाला काहीशे कंपनांपर्यंतचे, म्हणजे खर्जातलेच, आवाज ऐकू येतात. कार्प आणि कॅटफिश यांच्या गटाला मात्र त्याहून खूप वरचे सूर कळतात. हवेने भरलेला वाताशय, जो एरवी माशाला पाण्यात तरंगायला मदत करतो, तो आवाजाच्या दाबाने आकुंचन-प्रसरण पावतो. या गटात मणक्यांपासून बनलेल्या चिमुकल्या हाडांची एक साखळी वाताशयाची ती थरथर आतल्या कानापर्यंत नेते. एर्न्स्ट वेबर यांनी १८२० साली तिचं वर्णन केलं, म्हणून ती हाडं त्यांच्या नावाने ओळखली जातात. याहूनही पुढे गेलेला मासा म्हणजे अमेरिकन शॅड. त्याला १,८०,००० हर्ट्झपर्यंतचा, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांचा, आवाज जाणवतो, हे १९९७ साली दाखवून दिलं गेलं. माणसाची मर्यादा सुमारे २०,००० हर्ट्झ आहे. शॅडला याचा उपयोग उघड आहे: त्याची शिकार करणारे डॉल्फिन याच पट्ट्यातले आवाज काढत त्याला शोधतात.

आता वीज. शार्क आणि पाकट माशांच्या थोबाडावर बारीक छिद्रं असतात आणि त्यांच्या आत जेलीने भरलेल्या नळ्या. इटलीतले शरीरशास्त्रज्ञ स्तेफानो लोरेन्झिनी यांनी १६७८ साली त्यांचं वर्णन करून ठेवलं, पण त्यांचं काम काय हे कळायला जवळपास तीन शतकं लागली. निर्णायक प्रयोग केले एड्रियानस काल्माइन यांनी आणि ते १९७१ साली प्रसिद्ध झाले. त्या प्रयोगांची मांडणी मुळातून समजून घेण्यासारखी आहे.

वाळूत पुरलेला चपटा मासा लहान शार्क अचूक शोधून काढतो. कशाने? नजरेने नाही, कारण मासा दिसतच नव्हता. मग वास की हालचाल? काल्माइन यांनी मासा अगारच्या, म्हणजे शेवाळापासून केलेल्या घट्ट जेलीच्या, खोलीत ठेवून वाळूखाली पुरला. अगारमधून वीज जाते, पण वास आणि पाण्याची हालचाल अडते. शार्कने मासा नेमक्या जागी शोधला. मग खोलीत जिवंत माशाऐवजी माशाचे तुकडे ठेवले आणि आतलं पाणी एका नळीने बाजूला सोडलं. आता शार्क नळीच्या तोंडापाशी, जिथून वास येत होता तिथे, शोधत राहिला. नंतर जिवंत मासा ठेवून अगारवर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा पसरला. त्यातून वीजही जात नाही. शार्क वरून निघून गेला. शेवटी मासा काढून टाकला आणि वाळूखाली दोन इलेक्ट्रोड पुरून माशाएवढीच क्षीण वीज सोडली. शार्कने तिथली वाळू उकरली. एकेक शक्यता अशी बाजूला काढली गेल्यावर शंकेला जागा उरली नाही.

माशाच्या अंगात वीज येते कुठून? रक्तातल्या क्षारांचं प्रमाण आणि समुद्राच्या पाण्यातल्या क्षारांचं प्रमाण वेगळं असतं. कल्ले आणि तोंड इथे कातडी पातळ असते, तिथे या फरकामुळे पाण्यात थोडासा विद्युतदाब तयार होतो आणि प्रत्येक श्वासाबरोबर तो कमी-जास्त होतो. जिवंत असेपर्यंत ही वीज बंद करणं कोणत्याच प्राण्याला शक्य नाही. वाळूत निश्चल पडून राहता येतं, श्वास मात्र थांबवता येत नाही. शार्कला एका सेंटिमीटरमागे व्होल्टच्या काही अब्जांश भागाइतका फरक जाणवतो, तो याचसाठी.

या नळ्यांच्या तळाशी असलेल्या पेशी कुठून आल्या, याचा माग गर्भाच्या वाढीत लागतो. पॅडलफिश या माशाच्या गर्भावरच्या अभ्यासात २०११ साली दिसलं की वीज जाणणारी ही इंद्रियं आणि पार्श्वरेषेचे पुंजके गर्भातल्या एकाच पट्टीतून घडतात. पाण्याची हालचाल टिपणाऱ्या पेशींची ही भावंडंच.

शार्क दुसऱ्याची वीज ऐकतो. आफ्रिकेतल्या नद्यांमधला जिम्नार्कस नावाचा मासा स्वतःची वीज सोडतो, अंधारात हातात टॉर्च घेऊन चालावं तसा. केंब्रिजचे हान्स लिसमन यांना या माशात एक विलक्षण गोष्ट दिसली: तो पुढे जितक्या सहज जातो तितक्याच सहज मागेही जातो आणि कशावरही आपटत नाही. १९५१ साली त्यांनी जाहीर केलं की हा मासा शेपटीतून सतत क्षीण वीज सोडत असतो, सेकंदाला सुमारे ३०० स्पंदनं. त्यामुळे त्याच्याभोवती एक विद्युतक्षेत्र तयार होतं. दगड वीज अडवतो, दुसरा मासा ती पाण्यापेक्षा जास्त सहज वाहू देतो. दोघांमुळे क्षेत्राचा आकार वेगवेगळ्या तऱ्हेने बदलतो आणि कातडीवरच्या शेकडो विद्युतग्राहकांना, म्हणजे वीज टिपणाऱ्या सूक्ष्म इंद्रियांना, तो बदल कळतो. लिसमन आणि केनेथ मॅचिन यांनी १९५८ मध्ये दाखवलं की बाहेरून अगदी सारखी दिसणारी, सच्छिद्र मातीची दोन भांडी हा मासा केवळ आतल्या वस्तूच्या विद्युतवाहकतेवरून ओळखतो.

इथेही वजाबाकी आहेच. शेपटी हलली की क्षेत्र बिघडणार, म्हणून जिम्नार्कस अंग ताठ ठेवतो आणि पाठीवरच्या लांब परात लाटा उठवून पोहतो. दक्षिण अमेरिकेतल्या आयगेनमानिया माशांपुढे आणखी एक अडचण असते: शेजारच्या माशाची वीज जवळपास त्याच लयीची असेल तर दोघांनाही नीट कळेनासं होतं. अशा वेळी जास्त लयीचा मासा आपली लय आणखी वाढवतो, कमीचा कमी करतो, आणि दोघांचा मार्ग मोकळा होतो. वातानाबे आणि ताकेदा यांनी १९६३ साली हे टिपलं. या सगळ्या हिशेबासाठी मेंदू लागतो आणि तो स्वस्त नसतो. आफ्रिकेतल्या हत्तीनाकी माशाच्या शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे ६० टक्के एकटा मेंदू वापरतो. माणसात हा वाटा २० टक्क्यांच्या आसपास आहे.

वीज जाणण्याची क्षमता माशांपुरती नाही. प्लॅटिपस पाण्यात बुडी मारताना डोळे, कान आणि नाकपुड्या बंद करतो आणि चोचीतल्या सुमारे ४०,००० विद्युतग्राहकांच्या भरवशावर शिकार शोधतो. भुंग्यांना फुलाभोवतीचं स्थिर विद्युतक्षेत्र कळतं, हे २०१३ साली सिद्ध झालं. हवेतून वीज वाहत नसली तरी विद्युतभार अंगावरचे बारीक केस ओढू शकतो, आणि भुंग्यांचं काम त्या ओढीवर चालतं.

ओरडून परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून वाट काढण्याची वटवाघळाची रीत बहुतेकांना माहीत असते, म्हणून तिच्याबद्दल थोडंच. इटलीतले स्पालान्झानी यांना १७९० च्या दशकातच कळलं होतं की डोळे गेलेलं वटवाघूळ बिनधोक उडतं आणि कान बंद केलेलं आपटतं. पण आपल्याला ऐकू न येणारा आवाज ही कल्पनाच कुणाला पटत नव्हती. अखेर १९३८ पासून डोनाल्ड ग्रिफिन यांनी तो आवाज यंत्राने पकडून दाखवला. वटवाघळाची ओरड त्याच्याच कानाला बधिर करील इतकी मोठी असते, म्हणून ओरडण्याच्या क्षणी त्याच्या मधल्या कानातला स्नायू आखडतो आणि प्रतिध्वनी यायच्या आत सैल होतो.

सीलकडे असा प्रतिध्वनीचा मार्ग नाही; त्याच्याकडे मिशा आहेत. मासा निघून गेल्यावरही पाण्यात भोवऱ्यांची एक वाट मिनिटभर किंवा त्याहून जास्त वेळ टिकते. गुइडो डेनहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवलं की डोळ्यांवर पट्टी बांधलेला सील छोट्या पाणबुडीची अशी वाट केवळ मिशांच्या आधारे ४० मीटरपर्यंत बिनचूक काढतो. पाण्यातून ओढलेली कोणतीही गोल काडी स्वतःच थरथरते, पण या सीलची मिशी गोल नसते. ती चपटी आणि लाटेसारखी उंचसखल असते, त्यामुळे तिची स्वतःची थरथर फार कमी होते. पुन्हा तीच वजाबाकी, या वेळी केसाच्या घडणीतून.

वास आणि नजर यांना इथे मी कमी जागा देतो आहे. साल्मन मासा समुद्रात वर्षं काढून जन्माच्या ओढ्याकडे परततो, तो ओढ्याच्या वासाच्या आठवणीवर. आर्थर हॅस्लर यांच्या गटाने पिल्लांना एका विशिष्ट रसायनाच्या वासात वाढवलं आणि मोठी झाल्यावर ती तोच वास सोडलेल्या ओढ्यात परतली. शार्कला मैलभरावरून रक्ताचा थेंब कळतो, हे मात्र सोडून द्यायला हवं. वास पाण्यातून प्रवाहाच्या वेगानेच जातो. तो पोहोचेपर्यंत वेळ लागतो आणि विरतही जातो. नाक कितीही तीक्ष्ण असलं तरी त्यापुढे इलाज नाही. नजरेबद्दल एवढंच, की माशाच्या डोळ्यातलं भिंग जवळपास पूर्ण गोल असतं. आपल्या डोळ्यात प्रकाश वळवण्याचं बरंचसं काम बुबुळावरचा पारदर्शक पडदा करतो. पाण्यात त्या पडद्याचा उपयोग होत नाही, म्हणून सगळा भार भिंगावर येतो.

केशपेशीकडे परत येण्याचं एक व्यावहारिक कारण आहे. आपल्या प्रत्येक आतल्या कानात ऐकण्यासाठी सुमारे १५,००० केशपेशी असतात. मोठ्या आवाजाने, वयाने किंवा काही औषधांनी त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. स्ट्रेप्टोमायसीन, जेंटामायसीन, निओमायसीन या गटातली प्रतिजैविकं गंभीर संसर्गात जीव वाचवतात, पण काही रुग्णांचं ऐकणं कायमचं कमी करतात. झेब्राफिशच्या पिल्लाला निओमायसीनच्या पाण्यात ठेवलं तर त्याच्या पार्श्वरेषेतल्या केशपेशीही मरतात. तंतू झुकल्यावर उघडणाऱ्या त्याच दारांतून औषध आत शिरतं. फरक पुढे दिसतो. दोन-तीन दिवसांत शेजारच्या आधारपेशी विभागून नव्या केशपेशी तयार करतात आणि पार्श्वरेषा पुन्हा कामाला लागते. पिल्लू पारदर्शक आणि त्याच्या केशपेशी अंगाच्या बाहेरच्या बाजूला असल्यामुळे हे सगळं सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत माशात पाहता येतं. म्हणून प्रतिजैविकांपासून कान वाचवू शकतील अशी रसायनं आज आधी या पिल्लांवर पारखली जातात, आणि माशाच्या आधारपेशीत चालू होणारी कोणती जनुकं आपल्या कानात बंद राहतात, याचा शोधही त्यांच्यातच घेतला जातो आहे.